नोंदवही

चापोलीच्या तळ्याकाठी माझी खिडकी आहे,
पत्र्याच्या छपराची. सुटी नाणी, शिक्का,
आणि एक लांब वही: नाव, गाव, काठ्या किती,
मासे किती, वजन. शेवटी सही.
मागे डोंगर, पुढे पाणी, मध्ये मी, खुशाली वेळीप,
सकाळी आठ ते साडेपाच.

लोक येतात. पोरं सिमेंटच्या अळंब्यांखाली भाजी-पाव खातात,
हंसाच्या होडीत नवरा पेडल मारतो, बायको दिशा सांगते.
फलकावर लिहिलंय, मगर असू शकते.
तिचा फोटो घ्यायला माणसं काठावरून वाकतात.
मी शिट्टी वाजवतो.

काजितान बार्रेटो यायचा दर आयतवारी,
पहाटेचं मीस आटपून, गालजीबागेहून,
स्कूटरला बांबूची काठी तिरकी बांधून.
तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
गोड्या पाण्याला हसायचा.
‘ह्या माशांना मीठ माहीत नाही, खुशाली.
आयुष्यात एकदाही रडले नसावेत.’
मग कुंभ्याच्या सावलीत बसायचा दुपारपर्यंत.
पाण्यावर बूच.
बूच हलतंय की वारा,
हे ठरवायची त्याला घाई नसायची.

शेजारच्या खुंटावरून खंड्या
दोन-तीन मासे उचलून न्यायचा.
काजितान टोपी काढायचा त्याच्यासाठी.

जाताना वहीत लिहायचा ०.
वजनाच्या रकान्यातही ०. नीट, गोल, अंड्यासारखा.
एकोणचाळीस आयतवार.
एका रिकाम्या दुपारी मी मोजले होते.

मागच्या आयतवारी त्याची बायको आली, बसनं.
एस्परान्सा. फुलांचा झगा, रबरी चपला,
हातात तीच काठी, झेंड्यासारखी उभी.
त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय मडगावला, म्हणाली,
आणि वही मागितली.

‘वही दाखवायचा नियम नाही,’ मी म्हणालो.
असा काही नियम नाही.
तिने चष्मा लावला, माझ्या हाताखालून पान ओढलं.
शून्यावरून शून्यावर तिचं बोट
पायऱ्या उतरावं तसं उतरत गेलं.
मग ती हसायला लागली. खांदे हलवून, झगा हलवून,
रांगेतल्या अनोळखी पोरांनाही हसू फुटेपर्यंत.

‘दर आयतवारी मुडदुशी आणायचा घरी.
कधी बांगडे. तळ्यात लागले म्हणून.
एकदा तर इसवण. कापून, साफ करून!’

‘मग तुम्ही काय म्हणायचात?’

‘मी? मी रवा लावून तळायचे.
म्हणायचे, बरं तळं आहे हो,
डोंगरात राहून दर्याला विसरलं नाही.’

कुंभ्याखाली त्याच्याच दगडावर जाऊन बसली.
अर्ध्या तासात तिलापी लागली, तळहाताएवढी.
काट्यावर ठेवली: एकशे चाळीस ग्रॅम.
‘नाव?’
‘त्याचंच घाल.’

इतक्या शून्यांखाली १ लिहिताना पेन अडखळलं.
१ हा आकडा गळासारखा दिसतो,
मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

मासा तिने पाण्यात सोडला. हात झग्याला पुसले.
बस यायला वेळ होता.
पिशवी उलगडून तिने आत पाहिलं, पुन्हा घडी घातली.

‘खुशाली,’ तिने विचारलं,
‘चावडीचा बाजार आज किती वाजेपर्यंत?’