पहिला आणि सहावा

सावद्याला, केळीच्या वजनकाट्यामागे
गनी पिंजारीचं गॅरेज.
पत्र्याला हात लावू नये असे मे महिन्याचे दिवस.
भंगाळ्यांची शेवरलेट बॉनेट उघडून उभी होती,
त्यांच्या आज्याने लढाईनंतरच्या लिलावात घेतलेली.
सहा सिलिंडर, एका ओळीत,
शाळेतल्या पोरांसारखे.

"हिले घाटात दम लागतो," भंगाळे म्हणाले,
"पालच्या चढाले नुसती रडते. तोंड मोठं बसव."
आणि पोत्यातून कार्बोरेटर काढला,
मालेगावच्या भंगारातला.
गळा एवढा, की माझा अंगठा आत गेला
आणि आत फिरलासुद्धा.

मी भुसावळच्या लोको शेडमधला टर्नर, निवृत्त.
मला बोलावलं ते मधल्या पट्टीसाठी:
खालची भोकं जुन्या मापाची, वरची नव्या,
मध्ये उतरता गळा, कुठेही पायरी नको.
ॲल्युमिनियम रवाळ निघालं. लेथवर तीन तास गेले.
पॅकिंग गनीने हातोडीच्या गोल टोकाने
कडेकडेने ठोकून कापलं,
कात्री शेल्फवर तशीच पडून.

चौथ्या सेल्फला लागली.
उभ्या उभ्या छान घुमली, भंगाळ्यांनी मिशीवरून हात फिरवला.
मग पॅडल दाबलं
आणि तिने आवंढा गिळला.
परत दाबलं, परत तेच.
तिसऱ्यांदा वरच्या तोंडातून अशी शिंकली
की काट्यावरचा हमाल घड टाकून बाजूला झाला.

गनी काही बोलला नाही.
सहाच्या सहा प्लग काढून
जुन्या पेपरावर मांडले, बसले होते त्याच क्रमाने.
पहिला पांढराफटक.
दुसरा बरा.
तिसरा, चौथा काजळलेले, ओले.
पाचवा बरा.
सहावा पांढराफटक.

"पंगत पाहा भो," तो म्हणाला.
"वाढपी मधीच रेंगाळला.
तूप सगळं मधल्यांच्या पानात,
टोकावाल्यांले नुसता वारा."

आम्ही सहा भावंडं, मी शेंडेफळ.
मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग चहा. फुंकर घालत गनी आज्याचं बोलला:
धनुकली खांद्यावर टाकून यावल, फैजपूर, न्हावी,
दारोदार गाद्यांचा कापूस पिंजायचा म्हातारा.
कापसात हवा भरायची, तर तात ताणलेली पाहिजे, म्हणायचा.
सैल तातीनं कापूस जागच्या जागी हलतो,
पिंजला जात नाही.
एवढं बोलून त्याने त्या मोठ्या गळ्यात बोट घातलं
आणि म्हणाला, "सैल आहे."

रात्री मी पितळेचा बुश काढला,
मोठ्या गळ्यात बसेल असा लहान गळा.
जुन्यापेक्षा रुंद, पण फक्त तीन मिलिमीटर.
गनीने जेट झाळून बुजवला
आणि शिवणाच्या सुईएवढ्या ड्रिलने
श्वास रोखून पुन्हा पाडला.
"म्हंजे एवढं मोठं आणलं ते कशाले?" भंगाळ्यांचा सवाल.
कुणी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे तर नव्हतंच.

सकाळी पालच्या रस्त्याला.
पेट्रोलपंपावर ओलं फडकं गुंडाळलेलं,
दर दोन मैलांनी मी त्यावर पाणी सोडायचो,
नाहीतर आतलं पेट्रोल उकळलं असतं त्या उन्हात.
चढ लागला. भंगाळ्यांनी सवयीने पहिल्या गिअरकडे हात नेला,
मग थांबले.
दुसऱ्यातच चढत होती.
हसले नाहीत, पण हात तिथेच ठेवला,
उगाच, गिअरच्या बोंडावर,
वळण संपेपर्यंत.

वर सागाच्या सावलीत गाडी उभी केली.
गनीने फडक्यात धरून आधी पहिला प्लग काढला:
चहाच्या बिस्किटाचा रंग.
मग सहावा.
उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, मला दाखवला.

अजून जरा फिका होता.

"उद्या पाहू," म्हणाला,
आणि बोटांनीच आटे मिळवत तो परत बसवला.
शेवटचा अर्धा फेरा तेवढा पान्याने.