रंग जातो

एक जुलैला चारशेवीस गेलं.
म्हणजे कलम गेलं; माणसं आहेत तिथंच,
कोर्टाच्या कँटीनसमोर, अर्धा-अर्धा चहा घेत.
वकीलसाहेब म्हणाले, अक्का, आता तीनशे अठरा.
मी यंत्राशेजारच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं,
जुनं डावीकडं, नवं उजवीकडं,
बोटं मात्र आठवडाभर चार-दोन-शून्यच मारत होती.
आणि भांडणात कोण कुणाला तीनशे अठरा म्हणणार?
शिवीला वजन यायला शंभर-दीडशे वर्षं लागतात.

पुढं शंभराचा स्टॅम्पही गेला. पाचशेचा आला.

एकशे अडतीस तेवढं राहिलं.
परक्राम्य संलेख. हजार वेळा टाइप केलंय,
तोंडानं एकदाही म्हटलेलं नाही.
या गावात धंद्याचं पंचांग त्याच्यावर चालतं:
मेमोपासून तीस दिवसांत नोटीस,
नोटिशीनंतर पंधरा दिवस वाट,
मग महिन्याच्या आत फिर्याद.
संकष्टी विसरेल, ही तिथी कुणी विसरत नाही.

नरसय्या बोम्मड्याल एकोणतिसाव्या दिवशी आला.
दाजी पेठेत चार माग, त्यातले दोन झोपलेत, म्हणतो.
कानात कायम खटाखट, म्हणून बोलतो मोठ्यानं;
सगळ्या आवाराला कळलं की हत्तरकी शेठचा चेक,
एक लाख शहाऐंशी हजार,
परत आला. खाली शिक्का:
खात्यात पुरेशी रक्कम नाही.
'आपण जाणीवपूर्वक व लबाडीने', मी टाइप करत होते.
'लबाडीने' नको, तो म्हणाला,
माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलंय त्यानं.
वकिलांनी राहू दिलं. नमुन्यात असतं ते.
माझे पैसे काढताना हात खिशातच थांबला त्याचा,
मग पिशवीतून एक टॉवेल ठेवला टेबलावर.
त्याच लॉटचा. गुलाबी, काठाला मोर.

बारा दिवसांनी त्याच स्टुलावर मल्लिनाथ हत्तरकी.
उत्तर द्यायचंय: मालाचा रंग जातो.
महाबळेश्वरच्या हॉटेलनं अख्खा लॉट परत धाडला,
आणि त्यांनी आधी दिलेला चेक...
इथं शेठ थांबला, रुमालानं मान पुसली,
दुसऱ्या खिशातून तसलाच मेमो काढून म्हणाला,
हीपण करा. नोटीस. आज विसावा दिवस.

माझ्या यंत्राचा 'ण' जरा वर उडतो.
नरसय्याच्या नोटिशीत उडाला,
शेठच्या उत्तरात उडाला,
घाट चढून गेलेल्या कागदातही उडाला असणार.
एकमेकांना खोटं ठरवणारे हे लोक
एकाच अक्षरावर ठेचकाळतात.
आज ना उद्या साहेबांच्या ध्यानात येईल, वाटायचं.
साहेबांची बदली झाली.
तारीख पडली. नवीन साहेब आले. तारीख पडली.
दोघं बाकावर शेजारी बसतात हल्ली,
एकाच्या मोबाइलवर दोघं सुताचा भाव बघतात.

आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ येतो, पहाटे तीनला.
सगळं भरून झालं, एक बादली उरली,
तेव्हा तो टॉवेल बुडवला.
उगाच. माझा काय संबंध.
तासाभरानं बॅटरी धरून पाहिलं.

पाणी गुलाबी होतं म्हणावं तर नव्हतं.
नव्हतं म्हणावं तर बादली पांढरी,
तिच्या तळाशी काहीतरी होतं खरं,
कुणी रडून चेहरा धुतल्यावर राहतं तेवढं.
हे विचारायला पिंजऱ्यात कोण बोलावणार मला?
आणि बोलावलंच,
तर 'जातो' आणि 'जात नाही' यांच्या मधलं
कुठल्या बटणावर आहे?

पाच दिवसांचं पाणी, फेकवेना.
त्यानंच ओटा पुसला.
टॉवेल तारेवर टाकला, मोर बाहेरच्या अंगानं,
आणि साडेदहाच्या आत कोर्टात गेले.