पेराएवढे

एप्रिलात, हरिपूरच्या संगमाखाली,
काठाची कृष्णा पोटरीएवढी उरते.
बायाक्का काचा मारून उतरते,
हातात पितळी काठाची चाळण,
जिच्यातून महापुरापर्यंत हळद पडायची.
कड्याचा पिवळा अजून गेलेला नाही.

"पोराला आंघूळ घालतीस तसं हलव.
भाकरीचं पीठ न्हवं ते."
मी हलवते. पाणी गढुळतं, निवळतं.
जाळीवर राहतात खडे, विटेचा तुकडा,
कुणाच्या तरी बांगडीची हिरवी काच,
आणि एक, हरभऱ्याच्या डाळीएवढा, तपकिरी.
मी तो फेकणार, इतक्यात सासूबाई मनगट धरते.
"खडा असता तर गप पडला असता.
बघ की, तोंड मिटतोय."

नियम तिचेच.
एका जागची एकच मूठ, मग वीस पावलं पुढं.
करंगळीच्या पेराहून मोठा दिसला, तर जिथला तिथं.
फुगलेल्या शिंपलीला बोट लावायचं नाही, ती पोटुशी.
फक्त रात्री जिथं वाळूचे ट्रॅक्टर उतरतात
तिथले सगळे उचलायचे, झाडून,
लहान, मोठे, पोटुशा.
नाहीतर परवा ते कुणाच्या तरी स्लॅबमध्ये.

मी आठ दिवसांच्या ट्रेनिंगचं सांगत बसते,
की ही पिल्लं जन्मतात आणि माशाच्या कल्ल्याला डसतात,
तिथंच वाढतात, फुकटचा प्रवास,
मग सुटतात, आणि पडतील ते गाव.
बायाक्का तंबाखू थुंकते.
"माझा आज्जा कल्ल्यात पुटकुळ्या दिसल्या
की मासा परत सोडायचा.
आमी म्हणायचो, म्हातारं खुळं झालं."

ओल्या किलतानात गुंडाळून, किटलीत,
स्कूटीवर दोघी समडोळीला.
भूपाल चौगुल्यांचं शेततळं, हिरवंगार, शेवाळलेलं.
ते अंधार पडायच्या आत जेवून बाहेर आलेले.
किटलीत डोकावले, बराच वेळ.
"मोती काढताना जीव जातो न्हवं?"
माझ्या पर्समध्ये कर्जाचा फॉर्म होता.
अपेक्षित उत्पन्न, या रकान्यात मी पेन्सिलीनं
एक आकडा लिहिला होता.
"जातो," मी म्हटलं.
ते पाण्याकडं बघत राहिले.
"मग तळं तुमचं. मोती न्हाई."

बायाक्का लगेच हो म्हणाली.
तिला नदी पुन्हा भरायची होती.
मला मोती पाहिजे होते.
हे मी परतीच्या पुलावर बोलले नाही,
घरी भांडी घासताना बोलले नाही,
अजून बोललेले नाही.

जाळीच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्यांवर तरंगत्या.
दर रविवारी मोजपट्टी, वही.
चारशे सात ठेवलेले. श्रावणात साठ गेले, वास सुटला,
त्या दिवशी बायाक्का जेवली नाही.
गणपतीनंतर चौगुले फोनवर म्हणाले,
तळ्याचा तळ दिसतोय.
पोराची तीन वर्षांपूर्वी पडलेली चप्पल सापडली.

मार्गशीर्षात पाणी उतरलं तसे परत आणले,
सगळे पेराएवढे झालेले.
ट्रॅक्टरांच्या वाटेच्या बरंच वर,
जिथं बैलसुद्धा उतरत नाही,
बायाक्का वाकून एकेक रोवत गेली,
हळदीचा गड्डा लावावा तसा,
टोक खाली, वितीवर एक.

मी मागून किटली धरून.
शेवटचे दोन माझ्या मुठीत राहिले होते.
तिनं मागं वळून पाहिलं नाही,
फक्त हात पसरला.

मी एक दिला.
दुसरा तळहातावर उघडला,
आणि दुधाळ, मऊ असा पाय बाहेर काढून
माझ्या हाताच्या रेषेत
वाळू शोधू लागला.