उरलेले पाव

पहाटे तीनला भट्टी पेटते माझी.
काजूची वाळली लाकडं, आधी धूर, मग बरी आच.
आम्ही कासामांसची माणसं तशी भातखाऊ,
पाव लागतो तो उत्तरेकडून आलेल्यांना.
नाक्यावरच्या शिपायांना रोज बावीस.

मंगळवारी रात्री अंसुमाना आला,
माझ्या बहिणीचा. दोन वर्षांनी.
मागच्या दारानं, शेळीलाही न कळता.
अंगाला खारफुटीच्या चिखलाचा वास,
आणि त्याला दाढी आली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
भात वाढला, वर शिंपल्यांचं कालवण.
लहानपणीसारखाच मान खाली घालून जेवला.
हात धुताना म्हणाला,
मावशी, शिपाई किती पाव घेतात गं?

मी पाव विकणारी.
किती म्हटलं की तोंडात आकडाच येतो.
बावीस, म्हटलं.
आणि गाडी येते कधी?
तेव्हा मात्र पाणी ओतायची थांबले.
थांबले, आणि मग तेही सांगितलं.
का, ते अजून मला नीट मांडता येत नाही.
त्याच्या बापाला ज्या ट्रकात घालून नेलं
तो ट्रक या पोरांचा नव्हता.
ही पोरं तेव्हा रांगत असतील.
पण ट्रक हिरवा होता.

बुधवारी साडेसहाला गाडी आली.
बिराम न्दूर उतरला, नेहमीसारखा.
भुईमुगाच्या मुलखातला; आमची भाषा त्याच्या दातांत अडकायची.
कासुमाय, म्हणाला. म्हणजे, शांतता आहे ना?
कासुमाय केप, म्हटलं मी. शांतताच आहे, दुसरं काही नाही.
बोलायची रीत आहे ही,
खरंखोटं कुणी तपासत नाही.
त्याच्याकडे सहा पाव उधार,
दाराच्या चौकटीवर कोळशाच्या सहा रेघा.
पगार झाला की, म्हणाला,
आणि एक पाव तिथंच मोडला. वाफ निघाली.

इंजिन चालू होईना.
म्हणजे वेळ होता माझ्याकडे,
चांगला भात शिजावा एवढा वेळ.
शेवटी सगळे उतरले, ढकलू लागले.
मीही हात लावला.

सावरीच्या वळणावर, रस्ता जिथं अरुंद होतो,
आधी एकच मोठा आवाज.
मग पुष्कळ.
मग चिल्लर, कुणीतरी खिसा रिकामा केल्यासारखी.
मग माकडंसुद्धा गप्प.

रेडिओनं नऊ सांगितले. जंगलानं सतरा.
दुपारी आम्ही बाया गेलो तेव्हा माणसं नेली होती,
पाव होते.
लाल मातीत इकडे तिकडे, काही अजून पिशवीत.
मी मोजले. एकवीस.
एक त्यानं आधीच खाल्ला होता.

अंसुमाना त्यात होता का, नव्हता का,
परत आलाच नाही तो सांगायला.
बहीण एवढंच विचारते, जेवला होता ना नीट?
जेवला, म्हणते. दोनदा मागून घेतलं.

आता नाक्यावर नवी पोरं आहेत.
त्यातला एक काल दारात उभा राहिला,
त्या रेघांकडे बघत. ही कुणाची उधारी, विचारलं त्यानं.
मी टोपली पुढे केली.
घे, म्हटलं, हवे तेवढे घे,
फक्त मला आकडा सांगू नकोस.