हातचा

तॉफ्तीर बंदरातल्या मासळीच्या लिलावघरात
जिन्याखाली एक जुनं मशीन आहे.
चारशे सदतीस दिवस झाले, ते एकदाही बंद झालेलं नाही.
मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासूनचं जागरण.

पहाटे तीनला मार्यूनचा फोन:
काटा वजन दाखवतोय, पावती निघत नाहीये,
धक्क्याला दोन ट्रॉलर लागलेत,
सहाला लिलाव.
वाऱ्यात वाकून, रस्त्यात बसलेल्या मेंढ्यांना वळसा घालत
मी खाली आलो.

दारातूनच ऐकू आलं.
डिस्क दळत होती,
दाणा संपलेल्या जात्यासारखी, दगडावर दगड.

मेमरी पुरेनाशी झाली की मशीन काय करतं?
शाळेत आपण करायचो तेच.
हातचा वहीच्या कोपऱ्यात लिहायचा,
चालू ओळ निस्तरायची,
मग कोपऱ्यातून तो उचलून आणायचा.
त्या कोपऱ्याला स्वॅप म्हणतात.
कोपरा अपुरा पडला
की सगळा जन्म हातच्यांची ने-आण करण्यात,
बेरीज राहते बाजूला.

आणि टेम्प.
बाकीच्या डिरेक्टरींना निदान स्वतःची जमीन असते,
या मशीनवर टेम्पला तीही नाही,
ती त्याच कोपऱ्यात पोटभाडेकरू.
'आत्ता ठेवतो, लगेच उचलतो' म्हणून ठेवलेलं सगळं तिथे.
रात्रीच्या हिशेबाचा प्रोग्राम
आठशे मेगाबाइट पसारा मांडून
न आवरताच निघून गेला होता.

पसारा आवरला. शिवाय मुख्य डिस्कवर
पाचशे बारा मेगाबाइटची एक कोरी फाइल आखली,
मशीनला म्हटलं, घे, हाही कोपरा तुझाच.
दळण मंदावलं.
पावती निघाली: सूलान, कॉड, बेचाळीस पेट्या.
मार्यूनने ती फाडली आणि माझ्याकडे न बघता
कॉफीचा मग पुढे सरकवला.

लिलाव आटोपल्यावर दुसरं काम.
टेम्पला हद्द घालायची: इतकंच, याहून जास्त नाही.
एक ओळ बदलायची, मशीन बंद करून चालू करायचं.
बंद केलं की टेम्प रिकामी.
म्हणून आधी पाहिलं, आत कोण कोण आहे.

मालक: मिक्याल.
नाव: ई मॉर्गिन. म्हणजे, उद्या.
तारीख गेल्या फेब्रुवारीची.
मार्चमध्ये मिक्याल गेला.
माझी खुर्ची त्याची. उशीही त्याचीच, मध्ये दबलेली.

फाइल एवढीशी, अर्धं पानसुद्धा नाही.

जिन्याच्या दाराला तेल.
याकुपचं ड्रिल परत.
स्वॅप वाढवायला हवा, उन्हाळ्याआधी.
मार्यूनला विचारायचं की

पुढे काही नाही.

मी तिला हाक मारली.
ती हातमोजे न काढताच आली,
खवले चिकटलेल्या बोटाने पडद्यावरची ओळ न् ओळ वाचत गेली.
मी म्हटलं, व्हार-टेम्पमध्ये हलवतो, तिथे टिकेल.
तेही तात्पुरतंच म्हणा,
फक्त वीज गेली म्हणून पुसलं जात नाही.

'त्याने कुठे ठेवलं होतं?'
टेम्पमध्ये.
'त्याला माहीत होतं ना, तिथलं राहत नाही ते?'
त्यानेच तर मशीन बसवलंय.
'मग झालं.'

तिने माझा हात की-बोर्डवरून उचलला नाही,
एंटर दाबायलाही सांगितलं नाही.
चार मिनिटं लागली.
पंखे थांबले तेव्हा पहिल्यांदाच कळलं
या कोनाड्यात समुद्र ऐकू येतो.

मशीन उठलं. नवी हद्द लागू. टेम्प: शून्य फाइली.

ड्रिल बर्फाच्या खोलीमागच्या कपाटात सापडलं.
शुक्रवारी मार्यून ते सायकलला बांधून
याकुपकडे देऊन आली.
जिन्याचं दार अजून कुरकुरतं, तेल आणायचं राहतंय.

एकदा मी विचारलंच, काय विचारणार होता तो तुला?
ती पेट्यांवर पाणी मारत होती.
हसली. 'दर शुक्रवारी तेच विचारायचा,' म्हणाली,
आणि नळ मोठा केला.