केसभर

दहीपुलाच्या मागे, पायऱ्या उतरून गेलं की
आमचं दुकान. दुकान म्हणजे दोन टेबलं, एक अंधारी खोली
आणि रंगनाथ तांबट,
ज्यांनी आयुष्यात एकाही कार्डावर रंग चढवला नाही.
ते फक्त जाळी ताणायचे.

आधी घरचा धंदा: हंडे, घंगाळं, बंब.
तीस वर्षं तांब्यावर हातोडी.
मग स्टील आलं, प्लास्टिक आलं
आणि डावा कान गेला.
"उजवा अर्धा आहे," म्हणायचे, "अर्ध्यात भागतं.
आवाज बोटात येतो."

सागाची चौकट. चारी सांधे काटकोनात,
नाहीतर कोपऱ्यात जाळी रुसते.
पिवळी जाळी, एकशेवीसची,
कात्री लावायची नाही, धागा बघून फाडायची.
मग रुंद तोंडाची पक्कड.
बाजूच्या मधोमध पहिली पिन, समोर दुसरी,
मग उरलेल्या दोन बाजू.
मधून कोपऱ्याकडे जायचं. कोपऱ्यातून मधे कधीच नाही.
"पोळी काय कडेपासून लाटतेस का?"
मला पोळ्या येत नव्हत्या. सांगितलं नाही.

माझी पहिली जाळी फाटली. फार ओढली.
तो आवाज त्यांना ऐकू गेला नसणार,
तरी त्यांनी मान वर केली.
दुसरी ढिली राहिली. फाटली असती तर बरं झालं असतं:
सिन्नरच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका,
गणपतीला दोन दोन सोंडा.
खाली रुपयाच्या नाण्याएवढी फट असते,
स्क्वीजी पुढे सरकली की जाळीनं
मागच्या मागे कागद सोडायचा असतो.
ढिली जाळी चिकटून राहते,
चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.

मग त्यांनी मला टिचकी शिकवली.
मधोमध नखानं. मग चार कोपरे.
पाचही ठिकाणी एकच बोलली पाहिजे.
"रात्रीत सैलावेल. सैलावू दे. सकाळी परत ओढ.
हे तांबं नाही, ठोकलं की ठोकलेलं राहायला."
आणि गोदेला पाणी चढलं की
लाकूड फुगतं, तेव्हा हिशेब वेगळा.
तो वेगळा हिशेब त्यांनी कुठे लिहून ठेवला नाही.

मालकानं सातपूरहून मीटर आणलं,
काट्याचं, डबीत कापसावर निजवलेलं.
काकांनी टिचकी मारली. म्हणाले, चौदा.
मीटर म्हणालं, बारा.
मालक माझ्याकडे बघून हसला.
काका चहाला निघाले. दारातून म्हणाले,
"नवीन आहे. बसेल हळूहळू."
मीटर की मालक, ते कळलं नाही.

गेल्या थंडीत ते यायचे थांबले.
आधी मुलाकडे, नाशिकरोडला.
मग तिथेही नाहीत.

भिंतीवर त्यांनी ताणलेली एक चौकट राहिली होती, कोरी.
फेब्रुवारीत पिंपळगावचं काम आलं:
द्राक्षांच्या पेट्या, दोन हजार, हिरवा आणि जांभळा,
परवा कंटेनर.
चौकटी कमी पडल्या.
मी ती उतरवली, धूळ पुसली, टिचकी मारली.
मधे बोलली. तीन कोपऱ्यांत बोलली.
चौथ्यात, खालच्या डाव्या, काहीतरी पुटपुटली.

ओढायची तर पिना उपटाव्या लागणार.
त्यांच्या पिना, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या,
हातशिलाईसारख्या.
पक्कड घेऊन मी बराच वेळ उभी होते.
मग ती खाली ठेवली.

जांभळा केसभर सरकला.
प्रत्येक पेटीवर, घडाच्या खालच्या डाव्या मण्याला
पांढरी कड, नखाच्या चंद्राएवढी.
बागाईतदारानं पेटी उन्हात धरली,
म्हणाला, झकास.
पैसे मोजले. टेम्पो चढावर गुरगुरत गेला.

एक पेटी मी मागे ठेवून घेतली.
तिच्यात आता पिना असतात.