कृते

एकतीस वर्षं पोलोग्राउंडच्या वीज कचेरीत
मी सही केली ती ‘कृते’ या शब्दाच्या आडोशाने.
कृते कार्यपालन यंत्री.
साहेब चहाला गेलेले असताना,
साहेब बदलून गेलेले असताना,
एकदा तर साहेब वारले होते, नवे यायचे होते,
तरी मी कृतेच.

त्यामुळे टॅबलेटने जेव्हा सांगितलं,
‘ही क्रिया तुमच्या प्रशासकाने बंद केली आहे,
प्रशासकाशी संपर्क साधा,’
तेव्हा मला राग नाही आला. सवयीने चप्पल घातली
आणि संपर्क साधायला निघालो.

भंवरकुआँला तिसऱ्या मजल्यावर प्रशासक नव्हता.
कुलूप होतं. दाराच्या फटीत विजेचं थकलेलं बिल,
वाकून वाचलं, आमचंच होतं, सात महिन्यांचं,
आणि भिंतीवर उघड्या पुस्तकातून उडणारं रॉकेट.
तेच रॉकेट टॅबलेट सुरू करताना रोज उडतं.
अठरा हप्ते भरले मी. केतकी शिकून गेली सुद्धा,
सुरतेला रंगाच्या कारखान्यात पाण्याचे नमुने तपासते.
कंपनी बुडाली.
तिचा पहारेकरी तेवढा जागा राहिला.

मला फार काही नको होतं.
बातम्या, शब्दकोडं,
आणि घड्याळ जरा मोठ्या आकड्यांत.

जेलरोडला एका जिन्याखाली
लोकेश प्रजापत बसतो, स्टुलाएवढ्या दुकानात.
त्याने टॅबलेट कानापाशी नेऊन हलवला,
बाजारात नारळ हलवतात तसा.
‘रूट करना पड़ेगा, भिया. मालिक आप हो जाओगे.
पण आतलं सगळं उडणार.’
‘पण’पासून पुढचं मराठी माझ्यासाठी.
मराठी गिऱ्हाइकाला तो एवढी सूट देतो.

आतलं म्हणजे केतकीची गणितं,
बोटाने लिहिलेली, म्हणून वाकडी,
रसायनातले षट्कोन, एका पानावर नुसतंच
झोप झोप झोप,
आणि एकोणचाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण:
पहाटे ती मोठ्याने वाचतेय, मागे मी खोकतोय.
बाहेर काढायची सोय नाही.
प्रशासकाने बंद केली आहे.

फोन लावला. म्हणाली, ‘बाबा, उडवा हो.
मला तर तो माझा आवाज ऐकवत नाही.’
मग थांबून,
‘तुम्ही खोकत होतात?’

स्टुलावर बसून सगळी एकोणचाळीस मिनिटं ऐकली.
लोकेशने तेवढ्यात कचोरी खाल्ली, दोन फोन उरकले.
बावीस वेळा खोकलो होतो. तिने वाचणं थांबवलं नव्हतं.
फक्त तेराव्या मिनिटाला दार लोटल्याचा आवाज आहे, हलका.
तिने लोटलं की मी, ते कळत नाही.

मग त्याने टॅबलेटची पाठ उघडली,
चिमट्याने दोन ठिपके जोडले, वायर लावली.
काळ्या पडद्यावर अक्षरं धावली आणि थांबली.
ओळीच्या टोकाला डॉलरचं चिन्ह होतं.
त्याने दोनच अक्षरं दाबली,
तिथे जाळी आली, दोन रेघा उभ्या, दोन आडव्या.
‘लो. हो गए मालिक.’
सातशे म्हणाला, साडेसहाशे घेतले.

आता दरवेळी सुरू होताना आधी ताकीद येते:
या यंत्रावर भरवसा ठेवता येणार नाही.
पाच सेकंद तसाच उभा राहतो, मग चालतो.
रॉकेट मात्र उडतंच होतं. ते पुसायला एक ॲप घेतलं
आणि त्याने मला, मला विचारलं,
मूळ अधिकार द्यायचे का?
मंजूर. नामंजूर.
नामंजूरपुढे आकडे उतरू लागले,
दहा, नऊ, आठ,
मी खिशात पेन चाचपत होतो,
वर कोणाचं नाव घालायचं ते आठवत होतो,
दोन, एक.

नामंजूर.

हरकत नाही, उद्या पुन्हा विचारेल.
सांगेन,
साहेब चहाला गेले होते.